लाल फुली

पोस्टर छापायच्या आधी कोळीवाड्यात दाखवून यायचं, ही रियाची अट. संस्थेनं ती मान्य केली, हे परेशला जास्त लागलं. खांदा कॉलनीतल्या ऑफिसात तो सोळा वर्षं चित्रं काढत होता. त्याची चित्रं कुणाला दाखवायला न्यावी लागत नसत. थेट छापली जात. रियाला येऊन आठच महिने झाले होते, आणि संस्थेच्या बाई हल्ली फोनवर आधी तिलाच विचारत.

आज तो बरोबर आला होता तो तिची फजिती बघायला.

हौसा ओट्यावर सुकट निवडत होती. साठी उलटलेली, अक्षर न शिकलेली. रिया तिच्यासमोर जमिनीवरच बसली आणि नमुना पुढे धरला. शब्द एकही नाही. दोन चित्रं: झाकण लावलेला स्टीलचा हंडा, आणि कारखान्यातून विकायला येतं तसलं निळं पिंप. पिंपावर लाल फुली. रसायनाच्या पिंपात प्यायचं पाणी भरू नका, एवढंच सांगायचं होतं.

हंड्याच्या पोटाला तिनं एक पोचा काढला होता. परेशला तो पोचा सलत होता. त्याला तो सुचला नसता.

"मावशी, काय सांगतंय हे?"

हौसानं कागद लांब धरला. "पानी पिंपात भरा."

"हंड्यात नाही?"

"हंड्यावर फुली कुटं हाय? पिंपावर हाय." तिला रियाची कीव आली. "मत देतेस का नाय, बाय? बटनं यायच्या आदी फुलीचा शिक्का कोनावर मारायचो? पायजे त्याच्यावरच ना?"

रियाचा चेहरा उतरला. परेशला बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं. संस्थेच्या बाईंना हे कसं सांगायचं, त्याची वाक्यं तो जुळवू लागला.

"तीन दिवस इथे रिसर्च करत होतीस ना?" तो म्हणाला.

"बाकी सगळं विचारलं, सर. फुलीचं नाही विचारलं. ती तुमच्या जुन्या पोस्टरवरून घेतली. वाटलं, लोकांच्या ओळखीची असेल."

"हाय की वळखीची," हौसा म्हणाली. "त्यो काय कागद. तवापासनं आमी पिंपच घेतलाय."

दारातून आतलं दिसत होतं. कोपऱ्यात निळं पिंप. त्याच्या वर भिंतीला पिवळा पडलेला कागद, आणि कागदावरच्या पिंपावर तीच फुली. खाली वळणदार अक्षरांत परेशचं नाव. ते छापावं म्हणून तो संस्थेशी दोन दिवस भांडला होता.

रियानं पेन्सिल काढली. "मग नको असलेलं भांडं कसं दाखवू, मावशी?"

"पालथं घाल. नको असलेलं भांडं बाई पालथंच घालते."

रियानं कडेला पालथं पिंप काढलं. चार रेघांत. परेश त्या रेघांकडे बघत राहिला. प्रश्न विचारायला काहीच लागत नव्हतं, आणि त्यानं तो सोळा वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

हौसा उठून आत गेली. पिंपाचं झाकण वाजलं. ती पेला घेऊन त्याच्यापुढे आली.

"घ्या पानी. उन्हाचे आलाव."

परेशनं पेला घेतला आणि तो हातात धरून तसाच उभा राहिला.