मुदतवाढ

परदेशातल्या त्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या देशातून आणलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यावर मुदत वाढवलेला नवा परवाना झळकत होता. त्यासाठी सरांनी स्वतः कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. तो पाहताच सरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक सरांच्या खोलीत शिरली.

"सर, माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीच्या अर्जावर तुमची फक्त एक सही हवी होती. किती मागे लागले होते मी! काल मुदत संपली. आता बांधा म्हणे गाशा."

"राहून गेलं गं." सरांची नजर स्क्रीनवरच होती. 'तरुण संशोधकांना जपताना' या उद्याच्या भाषणाची तयारी चालली होती.

"उंदरांचं बरं नाही राहून गेलं?"

आता मात्र सरांनी खुर्ची वळवली. ते खरोखरच गोंधळले होते.

"अगं, उंदीर गेले असते, तर तसे दुसरे कुठून मिळणार होते?"