टाकून दिलेलं उत्तर

"एकेचाळीस मिनिटं," लवंगी म्हणाली आणि तिने लॅपटॉप टेबलावर आपटला. "रुग्णवाहिका यायला एकेचाळीस मिनिटं. आणि इथे कुणाला त्याचं सोयरसुतक नाही."

मीटिंगला तिघंच होती. मॅनेजरबाई, मास्तर आणि ती. लवंगी हे तिचं ऑफिसातलं नाव. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, पण कामाला वाघ. मास्तर निवृत्तीला टेकलेले. फोन करणाऱ्याच्या सगळ्यांत जवळची रुग्णवाहिका शोधून देणारा प्रोग्राम त्यांनीच चौदा वर्षांपूर्वी लिहिला होता. आता लवंगीने नवा लिहिला होता, दोन वर्षं खपून.

बाईंनी मात्र तो एकदम लोकांसमोर आणला नाही. आधी दोन्ही प्रोग्राम क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरवर, शेजारी शेजारी चालवायचं ठरलं. दाराशी एक प्रॉक्सी, म्हणजे रखवालदारच म्हणा ना. नियमाचा कागद हातात धरून तो आलेला प्रत्येक कॉल दोघांकडे धाडणार. एकाच्या उत्तरावर गाडी निघणार, दुसऱ्याचं नुसतं नोंदवून टाकून द्यायचं. टाकून द्यायचं ते अर्थातच नव्याचं. हे लवंगीला असं काही झोंबलं की विचारू नका. त्या तिरमिरीतच तिने नियमाची फाइल पाच मिनिटांत लिहून हातावेगळी केली. दोन महिने आपल्या कामाचा रोज कचरा होतोय म्हणून तिला घास गोड लागत नव्हता. कुणाला लागेल?

"माझा मामा शिंपी आहे," ती म्हणाली. "बाबा गेल्यावर त्यानेच मला शिकवलं, लोकांचे कपडे शिवून. गेल्या मंगळवारी दुकानात पक्षाघाताने कोसळला. मामीने लगेच फोन केला. डॉक्टर म्हणतात, अर्धा तास आधी आणला असता तर उजवा हात वाचला असता. आता त्याला सुई धरता येत नाही."

मास्तर खाली बघत म्हणाले, "फार वाईट झालं, पोरी."

"झालं नाही, मास्तर. तुमच्या त्या खटाऱ्याने केलं."

"तक्रारी वाढल्या तेव्हाच मी म्हटलं होतं. एकदा तो नियम तपासून..."

"नियमाला काय धाड भरलीय? तो मी लिहिलाय. माझ्या फाइलला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. स्वतःचं झाकायला माझ्याकडे बोट दाखवू नका."

चौदा वर्षांत मास्तरांशी कुणी असं बोललं नव्हतं.

"पुरावा आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे की." लवंगीने भिंतीवरच्या पडद्यावर नोंदी उघडल्या आणि मामीचा कॉल शोधून काढला. समोर दोन रकाने होते. दिलेलं उत्तर: नदीपलीकडची गाडी, एकेचाळीस मिनिटं. टाकून दिलेलं उत्तर: बाजार चौकातली गाडी, चार मिनिटं.

"चार," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "चौकातली गाडी, बाई. दुकानाच्या पायरीवरून दिसतो तो चौक. तिथे गाडी रिकामी उभी होती, उत्तर तयार होतं, आणि आपण ते फेकून दिलं. का, तर म्हणे जुनं ते भरवशाचं. लाज वाटायला हवी आपल्याला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुमचा प्रोग्राम आजच बंद करू या."

मास्तरांनी मान डोलावली. "करा. फक्त त्याआधी नियम एकदा उघडा, एवढंच माझं म्हणणं."

"एकदाची हौस फिटू दे यांची," लवंगी म्हणाली आणि तिने फाइल उघडली. दहा ओळींची फाइल. खाली तिचं नाव आणि पहिल्या दिवसाची तारीख. मास्तरांना नीट ऐकू जावं म्हणून तिने त्याच चढ्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"उत्तर द्यायचं: नवा प्रोग्राम. टाकून द्यायचं: जुना."