ऊन दाखवलेलं औषध

सुचिताने खिडकीतली बाटली उचलून उजेडात धरली.

"हा लाल रंग कसला गं?"

"कोकमाचं आगळ घातलंय," कोकिळा म्हणाली. "कडू लागतं म्हणून आई थुंकून टाकायच्या."

"आणि दुकानातली ती तपकिरी बाटली?"

"तिच्यात किती उरलं ते दिसेना, वन्सं. म्हणून साध्या काचेच्या बाटलीत ओतलं. रोज ऊन दाखवते. आगळ नाही का, ऊन दाखवलं की वर्षभर टिकतं."

सुचिताने कपाळावर हात मारला. म्हसळ्याला औषधांच्या दुकानात ती बारा वर्षं कामाला होती. गेल्या वर्षी भाऊ गेला, तेव्हापासून आईची झोप उडाली होती. डॉक्टरांनी झोपेचे थेंब दिले. महिना झाला तरी गुण नाही, म्हणून आज ती नागावला माहेरी आली होती.

सोनूबाई कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"अगं, लोणचं आहे का ते? उद्या मोहरीही घालशील! पाण्यातलं औषध नाजूक असतं. उजेडाने बिघडतं, आंबटाने बिघडतं. तू दोन्ही केलंस. याच्या आधी आणलेलं औषध कुठंय?"

"तेही असंच ओतून उन्हात ठेवलं होतं. ती बाटली परवा हातून सांडली म्हणाल्या आई."

"छान! सून नासवते, सासू सांडते." सुचिता पिशवी शोधू लागली. "आईला मी घेऊन जाते. तिचे कपडे काढ."

कोकिळाने कपाट उघडलं. दोन पातळं काढली, घडी मोडली, पुन्हा घातली. सासूखेरीज या घरात तिचं कुणी उरलं नव्हतं. पण चूक तिचीच होती.

"मी कुठं येत न्हाय," सोनूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

"आई, ही तुला महिनाभर नुसतं आंबट पाणी पाजतेय!"

"पाजू दे."

"पाजू दे काय? त्यात औषधाचा जोरच राहिलेला नाही. अख्खी बाटली प्यायलीस तरी डुलकी लागायची नाही."

सोनूबाई हळूहळू या कुशीवर वळल्या. पातळं घेऊन उभ्या असलेल्या सुनेचा हात त्यांनी धरला.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "परवा अख्खीच प्याले होते."