जैतूचं खातं

१९८७ साली आसनगावजवळच्या एका कारखान्यात एकच संगणक होता. सहा जण आपापल्या पडद्यावरून तोच वापरत. संगणकावरची त्यांची खाती प्रेमाताई सांभाळत. सातवं मावत नव्हतं, म्हणून भाची सोनालीसाठी त्यांनी सहांतल्या जैतूचं खातं पुसलं.

दुसऱ्या दिवशी चहावाल्या ठमीने सगळ्यांना चहा दिला, जैतूला नाही.

"अगो, जैतू राहिला!" प्रेमाताई म्हणाल्या.

"कोन जैतू? सकाळीच थट्टा नाय करायची, ताई."

जैतू तिच्यासमोरच बसला होता. "ताई, मी इथंच हाय ना गो?"

सोनालीचं पुसून त्याचं खातं परत उघडता आलं असतं. प्रेमाताईंनी कळफलकावर बोटं ठेवली, सोनालीकडे पाहिलं आणि बोटं उचलली.

ठमी वारली. सोनाली साहेब होऊन निवृत्त झाली. जैतू मात्र अजून चोविशीतलाच आहे. मुरबाडला प्रेमाताईंच्या ओटीवर तो रोज बसतो, आणि सून त्याच्या पायांतून केर काढते.