बिळकर

"आणखी कोण?" भटजींनी विचारलं.

शांतारामच्या पितरांची नावं संपली होती. वडील, आजोबा, पणजोबा, आई, धाकटा भाऊ. सर्वपित्री अमावस्या होती. परसात त्याच्या बायकोनं, कमलाक्षीनं, केळीच्या पानावर कावळ्यासाठी वाढून ठेवलं होतं. कावळा शिवेपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे.

"एक आसा," शांताराम म्हणाला. "बिळकर."

"खंयचे हे? पेडण्यात तर ह्या आडनावाचो कोण नाय."

"अहो!" कमलाक्षीचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "पितरांच्या पाण्यात तो शब्द?"

पन्नास वर्षं ती तो ऐकत होती. एकाहत्तरच्या लढाईत शत्रू खंदक खणून आत बसे, म्हणून शांतारामच्या पलटणीनं त्याला हे नाव पाडलं होतं. गावावरून आडनाव, तसं बिळावरून बिळकर. मिरच्यांचा धूर करून एकाला घुशीसारखा कसा बाहेर काढला, तो कसा रांगत आला, नाकातोंडातून त्याच्या काय काय गळत होतं, हे शांताराम लग्नाच्या पंगतीतही सांगे. माणसं जेवता जेवता हसत. मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या बेळगावच्या मजुरांनाही तो बिळकरच म्हणे. कमलाक्षीला शिसारी येई. ती उठून परसात जाई आणि चूळ भरी. शब्द जणू तिच्याच तोंडातून गेला होता.

आता शांताराम पंच्याहत्तरीचा होता. सोमवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी हमी दिली नव्हती.

"लढायेत बिळातसून धूर करून भायर काढलेलो, तो हो," तो भटजींना म्हणाला. "भायर इल्यार तो माझ्याच हातून मेलो. तेका पाणी दिल्याशिवाय मी टेबलावर चढूचंय नाय."

कमलाक्षी त्याच्याकडे बघत राहिली. गोष्टीचा हा शेवट कुठल्याच पंगतीत आला नव्हता. त्याच्या आधीच लोक हसायला लागत आणि तो थांबे.

भटजी जरा घुटमळले. "द्या पाणी, शांतारामबाब. कोण का असेना, मेलेल्याक तहान असताच. गोत्र म्हायत नसला तर काश्यप म्हणतत. पण असली शिवी घालून पाणी सोडूक येणा नाय. नाव व्हया."

"नाव नाय माझ्याकडे."

"मगे अज्ञात म्हणा. शास्त्रात तेची सोय आसा."

कमलाक्षीला हायसं वाटलं. तिनं स्वतः पुढे होऊन त्याच्या ओंजळीत तीळ घातले, वर पाणी ओतलं. "म्हणा, अज्ञात. आणि संपवा एकदाचं."

शांतारामनं ओंजळ ताटावर धरली. पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं, तीळ तेवढे तळहाताला चिकटून राहिले.

"अज्ञात कसो म्हणू गे?" तो म्हणाला. "तेणा नाव सांगलेला. बापाशीचा, गावाचा पण. कोणीतरी घराकडे कळवचा म्हणान तो परत परत सांगी होतो. आमच्या हसण्यात माका ऐकाकच येवक नाय."