सणाला नाव ठेवलं

“आपण कोण, साहेब?” ड्रायव्हरकाकांनी आपल्या पोटच्या पोराला विचारलं, आणि वृद्धाश्रमाच्या हॉलमधला चमच्यांचा आवाज एकदम थांबला.

पोरगा कसला, चांगला पन्नाशीचा बाप्या. वर्षातून एकदा, याच सणाला, परदेशातून यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघायचा. दरवर्षी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे असायचे. एरवी त्यांना सकाळी चहा प्यालो की नाही तेही आठवत नसे, पण त्या एका दिवशी मुलगा पक्का आठवायचा. आज ते फाटकाशी नव्हते. दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाचं बटण भलत्याच काजात.

“बाबा, असं काय करताय? मी आलोय.”

“बरं झालं आलात. बसा. माझा मुलगा यायचाय, सणाला. तो आला की बोलू.”

काय चुकलं ते मॅनेजरबाईंना त्याच क्षणी कळलं. सगळी मेख नावात होती. दरवर्षी सकाळी नर्स काकांच्या खोलीचं दार उघडून सणाचं नाव घ्यायची, आणि काका ताडकन उठून वस्तरा मागायचे. नाव कानावर पडलं की मुलगा आज येणार हे आठवायचं आणि तो ओळखूही यायचा. यंदा नर्स म्हणाली होती, “काका, चला, आनंदमेळावा आहे.” काका म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे,” आणि कूस बदलून झोपले.

आनंदमेळावा हे मॅनेजरबाईंचंच डोकं. सहा महिन्यांपूर्वी मास्तरीणबाई राहायला आल्या. आश्रमात दुसऱ्या धर्माच्या त्या एकट्याच. त्यांना परकं वाटू नये म्हणून मॅनेजरबाईंनी यंदा सणाचं नाव फलकावरून काढून ‘आनंदमेळावा’ लिहिलं. हेतू चांगला होता हो, नाही कोण म्हणतं? पण म्हाताऱ्या मंडळींचा पारा चढला. “हिच्यापायी आमचा सण गेला!” म्हणत सगळ्या जणी मास्तरीणबाईंच्या टेबलावरून उठून गेल्या. आज सकाळी कुणीतरी फलकावर खडूनं जुनं नाव लिहिलं, तेव्हा मॅनेजरबाईंनी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि सगळ्यांदेखत बजावलं, “तो शब्द आज कुणाच्याही तोंडून ऐकायचा नाही मला.” त्यांनी सणाला नाव ठेवलं, आणि लोकांनी मास्तरीणबाईंना नावं ठेवली. मास्तरीणबाईंजवळ बसायला उरले एकटे ड्रायव्हरकाका. कोण कुठल्या धर्माचं हे काका केव्हाच विसरले होते.

मास्तरीणबाई यावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या. सकाळपासून त्या मॅनेजरबाईंना दोन-तीनदा एवढंच विचारून गेल्या होत्या, “आज वार कोणता हो?” टोमणा मारतायत, असंच मॅनेजरबाईंना वाटलं होतं.

मुलानं घड्याळ पाहिलं. त्यानं बापाचा हात हातात घेतला, तसा काकांनी तो हिसडा देऊन सोडवला. “अहो, अंगाला काय हात लावता? सोडा! ओरडेन हं मी!” कपबशी खाली पडली आणि फुटली.

“निघतो मी,” मुलगा मॅनेजरबाईंना म्हणाला. “उगाच त्यांना त्रास.” त्यानं बॅग उचलली.

नर्स मॅनेजरबाईंकडे पाहत होती. सगळा हॉल त्यांच्याकडे पाहत होता. एक शब्द, बस, एकच शब्द हवा होता. पण तिकडे कोपऱ्यात मास्तरीणबाई बसल्या होत्या, आणि सकाळचा हुकूम अजून सगळ्यांच्या कानात होता. नाव घ्यावं तर मास्तरीणबाईंचा सगळ्यांसमोर अपमान. न घ्यावं तर हा माणूस बापाला न भेटताच दारातून परत जाणार, आणि पुढच्या वर्षी काका असतील की नाही, कुणी सांगावं?

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. मास्तरीणबाई काठी टेकत उठल्या. वाटेतल्या म्हाताऱ्यांनी पाय आवरून घेतले. आता ही काय बोलते, देव जाणे! मास्तरीणबाई काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात त्यांनी सणाचं नाव घेतलं. फलकावरून पुसलेलं, तेच. वर काकांच्या माणसांत देतात तशा शुभेच्छाही दिल्या.

काकांनी मान वर केली. त्यांचा हात आपसूक दाढीकडे गेला. “अरे देवा, आजच?”

मग त्यांची नजर बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसावर गेली आणि तिथंच थांबली. सारी नोकरी त्यांना नेमकी सणाच्या दिवशी बसवर ड्युटी लागायची, आणि पोरगा दारात वाट बघून झोपी जायचा.

“जागा आहेस होय रे, बाळा?” काका म्हणाले. “आज लवकर सुटलो बघ.”

मुलगा बॅग टाकून खालीच बसला आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. मघाशी पाय आवरणाऱ्या म्हाताऱ्या आता मास्तरीणबाईंसाठी खुर्ची ओढत होत्या.

मॅनेजरबाई जवळ आल्या. “माझं चुकलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी...”

“मला एकदा विचारायचं होतंत.” मास्तरीणबाई खुर्चीत टेकल्या. त्यांनी मॅनेजरबाईंचा हात घट्ट धरला, आणि आवाज अगदी खाली आणला. “पुढच्या महिन्यात आमचा सण आहे. त्याचं नाव तेवढं बदलू नका हो. माझी मुलगी यायचीय, आणि हल्ली मलाही... आज वार कोणता म्हणालात?”