अर्ध्या मिनिटाचे बाबा

बाबांच्या पायाला भिंगरी आहे. घरातल्या प्रत्येक फोटोत ते हललेलेच असतात. त्या पहाटे मी गच्चीवर ताऱ्यांचा फोटो घेत होते. अंधारात कॅमेऱ्याला अर्धं मिनिट बघत राहावं लागतं. बटण दाबलं, आणि चहाचा थर्मास घेऊन बाबा नेमके समोर! "बाबा, सरका ना!" मी दातओठ खात कुजबुजले. ते जागचे हलेनात. जन्मभर एका जागी न टिकलेला माणूस आज खांबासारखा उभा! कॅमेरा थांबला. चिडूनच फोटो उघडला. आभाळभर तारे, खाली बाबांची स्पष्ट आकृती, आणि शेजारी टाकीवर, ज्याच्यासाठी मी हिवाळाभर रानोमाळ भटकले, ते घुबड! "आलं का फोटोत?" बाबांनी ओठही न हलवता विचारलं. "आलं! आणि तुम्हीसुद्धा, पहिल्यांदाच न हलता!" "मग आधी हा थर्मास धर, बाई. मघापासून गळतोय, हात पोळला की माझा!"